लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा अतिनील प्रकाश: मोजायचा कसा आणि त्यातून उत्क्रांती वाचायची कशी

लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये नवे तारे जन्मणं अब्जावधी वर्षांपूर्वी जवळपास थांबलेलं असतं. उरलेले तारे बहुतांशी जुने, थंड आणि तांबूस असतात. अशा दीर्घिकेचा वर्णपट निळ्याकडून अतिनीलाकडे सरकताना खाली खाली जात संपायला हवा. १९६८ च्या डिसेंबरमध्ये सोडलेल्या ओएओ-२ या उपग्रहाने देवयानी या सर्पिल दीर्घिकेच्या मध्यभागाकडे पाहिलं, तेव्हा भलतंच दिसलं. सुमारे २५०० अँगस्ट्रॉमपर्यंत (तरंगलांबीचं एकक, मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) खाली आलेला प्रकाश त्याहून छोट्या तरंगलांबीवर पुन्हा वर चढत होता. मध्यभागातले तारे लंबवर्तुळाकार दीर्घिकांतल्या ताऱ्यांसारखेच जुने असतात, आणि पुढे लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्येही हेच आढळलं. याला यूव्ही अपटर्न म्हणतात; मी पुढे अतिनील उसळी म्हणेन.

हा प्रकाश मोजून दीर्घिकांच्या वयाबद्दल आणि जडणघडणीबद्दल काही ठाम म्हणता येतं का, हा या लेखाचा विषय आहे. लागणारा बहुतेक डेटा मोफत उपलब्ध आहे. थोडं पायथन, प्रत (उजळतेचं माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकी) या संकल्पनेची ओळख आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर काम सुरू करता येतं. माझं मत आधीच सांगतो: यातलं अवघड काम प्रकाश मोजण्याचं नाही, तो कुणाचा आहे हे ठरवण्याचं आहे. म्हणून त्या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे.

हा प्रकाश येतो कुठून

मॉडेलकडे जाण्याआधी ही यंत्रणा नीट समजून घ्या, नाहीतर पुढचे आकडे नुसतेच आकडे राहतात.

दहा-बारा अब्ज वर्षं वयाच्या दीर्घिकेत आज तांबडे राक्षसी होत असलेले तारे साधारण सूर्याच्या वस्तुमानाचे किंवा त्याहून थोडे हलके असतात. राक्षसी अवस्थेत ते बाहेरचं आवरण अंतराळात फेकत राहतात. गाभ्यात हेलियम पेटतो तेव्हा गाभ्याचं वस्तुमान सूर्याच्या जवळजवळ निम्मं असतं. वर आवरण किती उरलं यावर ताऱ्याचा रंग ठरतो. जाड आवरण उरलं तर तारा तांबूस राहतो. सूर्याच्या वस्तुमानाच्या एक-दोन शतांशाइतकंच उरलं तर पृष्ठभागाचं तापमान २०,००० केल्व्हिनच्या वर जातं आणि तारा सुमारे १० कोटी वर्षं अतिनीलात तळपत राहतो. हे क्षैतिज शाखेच्या, म्हणजे गाभ्यात हेलियम जाळणाऱ्या ताऱ्यांच्या गटाच्या, अगदी उष्ण टोकाचे तारे. उसळीचा मोठा वाटा त्यांचा आणि त्यांच्या पुढच्या अवस्थांचा असतो.

इथेच घड्याळ दडलेलं आहे. दीर्घिकेचं वय वाढत जातं तसे राक्षसी अवस्थेला पोचणारे तारे हलके हलके होत जातात. प्रत्येक ताऱ्याने फेकलेलं वस्तुमान साधारण तेवढंच धरलं, तर उरणारं आवरण पातळ होत जातं आणि उष्ण तारे वाढतात. म्हणजे दीर्घिका जितकी जुनी तितकी उसळी मोठी. ताऱ्यांमध्ये हेलियम मुळातच जास्त असेल तर ते लवकर उत्क्रांत होतात आणि हीच अवस्था कमी वयात येते. उसळीची उंची म्हणूनच एकट्या वयावर ठरत नाही. वय, धातुप्रमाण (हेलियमहून जड मूलद्रव्यांचं प्रमाण) आणि हेलियम या तिघांचा तो एकत्रित परिणाम असतो.

हे तारे केवळ कागदावरचे नाहीत. हबल दुर्बिणीने जवळच्या एम ३२ या छोट्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेतले असे उष्ण तारे एकेकटे वेगळे करून दाखवले आहेत. त्याआधी हॉपकिन्स अतिनील दुर्बिणीने १९९० आणि १९९५ च्या अंतराळयान मोहिमांत घेतलेल्या वर्णपटांवरून एनजीसी १३९९ सारख्या दीर्घिकांमधल्या या प्रकाशाचं तापमान २०,००० केल्व्हिनच्या थोडं वर असल्याचं दिसलं होतं. नुकत्याच जन्मलेल्या जड ताऱ्यांनी तो दिला असता, तर वर्णपट याहून बराच उष्ण दिसला असता.

दीर्घिका निवडताना

सुरुवात जवळच्या दीर्घिकांपासून करा, ताम्रसृती (प्रकाश किती लांबून आला हे सांगणारं, तरंगलांबी ताणली जाण्याचं माप) ०.१ च्या आत. स्लोन या आकाश सर्वेक्षणातून वर्णपट उपलब्ध असलेल्या दीर्घिका घ्या आणि आकाराने खरोखर लंबवर्तुळाकार असलेल्याच ठेवा. गॅलेक्सी झू या लोकसहभागी प्रकल्पाचं वर्गीकरण पहिली चाळणी म्हणून चांगलं आहे, पण शेवटी प्रत्येक प्रतिमा डोळ्यांनी पाहा. नुसत्या लाल रंगावर निवड अजिबात करू नका. धुळीने लाल झालेली सर्पिल दीर्घिकाही त्या चाळणीतून आत येते. उलट, थोडे तरुण तारे असलेली अस्सल लंबवर्तुळाकार दीर्घिका बाहेर पडते, आणि तेच तारे मोजायचे असतील तर हातचा नमुनाच गेला.

ताऱ्यांच्या वेगांचं विखुरणं सेकंदाला २०० किलोमीटरच्या वर असलेल्या जड दीर्घिका घेतल्या तर उसळी सापडण्याची शक्यता वाढते. केंद्रात सक्रिय कृष्णविवर असलेल्या दीर्घिका वेगळ्या काढा. एम ८७ मध्ये उसळी जोरदार आहे, पण तिच्या केंद्रातून आणि झोतातूनही अतिनील प्रकाश येतो. तो झाकल्याशिवाय मोजलेला आकडा ताऱ्यांचा म्हणता येत नाही.

डेटा कुठला

पृथ्वीचं वातावरण हा प्रकाश अडवतं, त्यामुळे सगळी मदार अंतराळ दुर्बिणींवर. मोठ्या नमुन्यासाठी आजही गॅलेक्स या अतिनील दुर्बिणीला पर्याय नाही. २८ एप्रिल २००३ रोजी सोडलेल्या या ५० सेंटीमीटरच्या दुर्बिणीने बहुतांश आकाश दोन पट्ट्यांत टिपलं: दूर-अतिनील, म्हणजे एफयूव्ही, साधारण १३५० ते १७८० अँगस्ट्रॉम, आणि जवळचा अतिनील, म्हणजे एनयूव्ही, साधारण १७७० ते २८३० अँगस्ट्रॉम. एफयूव्ही शोधक २००९ मध्ये बंद पडला, त्यामुळे नंतरच्या निरीक्षणांत फक्त एनयूव्ही मिळतं. यादी तयार करतानाच हे तपासा. प्रतिमा मास्ट या संग्रहातून उतरवता येतात.

गॅलेक्सची प्रतिमा धूसर आहे, बिंदूची रुंदी चार ते साडेपाच कोनीय सेकंद (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). जवळच्या दीर्घिकेत उसळी नेमकी कुठे आहे हे पाहायचं असेल तर ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची यूव्हीआयटी ही दुर्बीण वापरा. तिची बिंदूरुंदी सुमारे दीड कोनीय सेकंद आहे. तिची एनयूव्ही वाहिनी २०१८ मध्ये थांबली. एफयूव्ही निरीक्षणं त्यानंतरही होत राहिली. दूरच्या दीर्घिकांसाठी हबल; तिच्याकडे पुढे येतोच.

किती फोटॉन मिळतील याचा हिशोब आधी करा

हे गणित करायला पाच मिनिटं लागतात, आणि ते न करता काम सुरू केलं की आठवडे वाया जातात.

समजा ताम्रसृती ०.१ वरच्या एका दीर्घिकेची आर (तांबड्या प्रकाशाच्या) पट्ट्यातली प्रत १६ आहे. उसळी असलेल्या दीर्घिकेत एफयूव्ही वजा आर हा रंग, म्हणजे दोन पट्ट्यांतल्या प्रतींचा फरक, साधारण ६ ते ६.५ असतो. साडेसहा धरा. एफयूव्ही प्रत २२.५ आली. गॅलेक्सच्या एफयूव्ही पट्ट्याचा शून्यबिंदू १८.८२ आहे, म्हणजे १८.८२ प्रतीची वस्तू सेकंदाला एक फोटॉन देते. २२.५ आणि १८.८२ यांतला फरक ३.६८. त्याला २.५ ने भागून दहाचा ऋण घात घेतला की सेकंदाला सुमारे ०.०३४ फोटॉन मिळतात.

गॅलेक्सच्या संपूर्ण-आकाश सर्वेक्षणात एका जागेला जेमतेम १०० सेकंद मिळाले आहेत. म्हणजे तुमच्या दीर्घिकेचे तीन-चार फोटॉन. त्यातून काहीही सिद्ध होत नाही. मध्यम-खोली सर्वेक्षणात सुमारे १५०० सेकंद असतात, तिथे ५० फोटॉन मिळतील. पन्नासाचं वर्गमूळ सात, म्हणजे १४ टक्के अनिश्चितता, प्रतीच्या भाषेत साधारण ०.१५. आकाशाच्या पार्श्वभूमीचे फोटॉन धरले की ती आणखी वाढते. रंगावर निष्कर्ष काढण्याइतपत हे पुरतं, पण जेमतेमच.

यादीतल्या प्रत्येक दीर्घिकेसाठी हा आकडा काढून एका स्तंभात लिहून ठेवा. कोणत्या दीर्घिकांचा खोल डेटा शोधायला हवा ते लगेच कळतं.

मोजणी

गॅलेक्सच्या प्रत्येक तुकड्यासोबत तीव्रतेचा नकाशा, पार्श्वभूमीचा नकाशा आणि प्रत्यक्ष निरीक्षणकाळाचा नकाशा मिळतो. तीव्रतेतून पार्श्वभूमी वजा करा, दीर्घिकेभोवती ठरावीक आकाराचं लंबवर्तुळ घ्या आणि आतली बेरीज करा. पायथनमधलं फोटयुटिल्स यासाठी पुरेसं आहे.

रंग काढताना दोन्ही पट्ट्यांत नेमका तोच भाग मोजला गेला पाहिजे. त्यासाठी आर पट्ट्यातली तीक्ष्ण प्रतिमा आधी गॅलेक्सइतकी धूसर करा आणि मग दोन्हींवर एकच लंबवर्तुळ ठेवा. वेगवेगळ्या सूच्यांमधल्या तयार प्रती उचलून एकमेकींतून वजा करू नका. हे कशासाठी, ते एका जुन्या वादावरून पटेल. १९८८ मध्ये बर्स्टीन आणि सहकाऱ्यांनी आययूई उपग्रहाच्या डेटावरून दाखवलं की ज्या दीर्घिकांत मॅग्नेशियमची शोषणरेषा ठळक, त्यांची उसळीही मोठी. गॅलेक्सच्या मोठ्या नमुन्यांत सुरुवातीला हा संबंध दिसलाच नाही. पुढे तरुण तारे असलेल्या दीर्घिका बाजूला काढून, अतिनील आणि वर्णपट एकाच छिद्रातून, म्हणजे दीर्घिकेच्या नेमक्या त्याच भागातून, मोजले, तेव्हा जुन्या दीर्घिकांत तो पुन्हा उभा राहिला. उसळी केंद्राकडे जास्त असते, त्यामुळे एक माप केंद्राचं आणि दुसरं सगळ्या दीर्घिकेचं घेतलं की संबंध पुसला जातो.

शेजारच्या वस्तूंकडेही लक्ष द्या. आर पट्ट्यात नगण्य वाटणारी एखादी छोटी निळी दीर्घिका पाच-सहा कोनीय सेकंदांवर असेल, तर एफयूव्हीत ती तुमच्या दीर्घिकेपेक्षा उजळ असू शकते. स्लोनची रंगीत प्रतिमा शेजारी उघडून प्रत्येक मोजमाप पाहा. कंटाळवाणं आहे, पण याला खरंच पर्याय नाही.

धुळीची दुरुस्ती

आपल्या आकाशगंगेतली धूळ अतिनीलात फार प्रकाश खाते. दोन्ही गॅलेक्स पट्ट्यांत शोषण हे रंगातिरेकाच्या (धुळीमुळे प्रकाश किती लाल झाला याच्या मापाच्या) साधारण आठपट असतं. रंगातिरेक ०.०५ असेल, आणि तो स्वच्छ आकाशातही असू शकतो, तर एफयूव्ही ०.४ प्रतीने फिकं पडतं आणि आर जेमतेम ०.१२ ने. म्हणजे एफयूव्ही वजा आर हा रंग पाव प्रतीहून जास्त सरकला. मात्र एफयूव्ही वजा एनयूव्ही जवळजवळ तसाच राहतो, कारण २१७५ अँगस्ट्रॉमजवळ धुळीच्या शोषणाला जो उंचवटा आहे तो एनयूव्ही पट्ट्यात पडतो आणि दोन्हींचं शोषण सारखं करून टाकतो. या योगायोगाचा पुढच्या टप्प्यावर मोठा उपयोग आहे.

जुने की तरुण: खरी परीक्षा

दीर्घिकेच्या एकूण ताऱ्यांपैकी एक टक्का वस्तुमानाचे तारे जरी गेल्या अब्ज वर्षांत जन्मले असतील, तरी एनयूव्हीत त्यांचा प्रकाश भारी पडतो. गॅलेक्सने केलेला मोठा खुलासा हाच होता: दृश्य प्रकाशात निवांत दिसणाऱ्या कित्येक लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये थोडी का होईना, अलीकडची ताराजन्माची खूण आहे. त्यामुळे नुसतं एफयूव्ही मोजून "उसळी सापडली" म्हणणं चूक.

बरीच मंडळी तीन रंगांची कसोटी वापरतात. एनयूव्ही वजा आर ५.४ पेक्षा जास्त हवा, म्हणजे तरुण तारे नाहीत. एफयूव्ही वजा एनयूव्ही ०.९ पेक्षा कमी हवा, म्हणजे वर्णपट छोट्या तरंगलांबीकडे वर चढतो आहे. आणि एफयूव्ही वजा आर ६.६ पेक्षा कमी हवा, म्हणजे प्रकाश लक्षात घेण्याजोगा आहे. तिन्ही अटी पाळणाऱ्या दीर्घिका मोजक्याच निघतात, आणि त्यात बिघडलं काहीच नाही. थोडी पण खात्रीची उदाहरणं मोठ्या गढूळ यादीपेक्षा कितीतरी उपयोगी.

रंगांवर मात्र थांबू नका. वर्णपटात हायड्रोजन-बीटाची शोषणरेषा ठळक असेल तर तरुण किंवा मध्यमवयीन तारे आहेत असं समजा. हायड्रोजन-आल्फाचं उत्सर्जन दिसलं तर घाई करू नका; जुने उष्ण तारेही आजूबाजूच्या वायूला आयनित करतात आणि क्षीण रेषा देतात. रेषेची समतुल्य रुंदी (आसपासच्या प्रकाशाच्या तुलनेत रेषेचा जोर) तीन अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर तेवढ्यावरून ताराजन्म सिद्ध होत नाही. अवरक्तातली धुळीची चमकही तपासा.

जवळच्या दीर्घिकांसाठी मला सगळ्यात विश्वासार्ह वाटते ती प्रतिमा. यूव्हीआयटी किंवा गॅलेक्सची एफयूव्ही प्रतिमा घ्या आणि तिच्यावर आर पट्ट्याच्या समोच्च (सारख्या उजळतेच्या) रेषा काढा. जुन्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश गुळगुळीत असतो, केंद्राकडे दाटतो आणि त्या रेषांना धरून राहतो. तरुण ताऱ्यांचा प्रकाश गाठींमध्ये, कड्यात किंवा एका बाजूला साचलेला दिसतो. सरासरी रंगात न दिसणारी गोष्ट अशा एका चित्रात लख्ख दिसते.

न दिसलेल्या दीर्घिकांचं काय

त्यांना यादीतून काढू नका. फक्त दिसलेल्या दीर्घिकांवर आलेख काढला की उसळी सगळीकडे मोठीच दिसणार, कारण छोटी उसळी असलेल्या आधीच गळल्या. प्रत्येक न दिसलेल्या दीर्घिकेची वरची मर्यादा काढा आणि अशा मर्यादा हाताळणारी सांख्यिकी पद्धत वापरा. किंवा सारख्या वस्तुमानाच्या न दिसलेल्या दीर्घिकांच्या प्रतिमा एकावर एक रचून सरासरी प्रकाश शोधा. तसं करताना आकाशातल्या रिकाम्या, यादृच्छिक जागांच्या तितक्याच प्रतिमा त्याच पद्धतीने रचा. तिथेही काही "दिसलं" तर तुमची पार्श्वभूमी चुकली आहे.

आता दूर जायचं

जवळच्या दीर्घिका कितीही काळजीपूर्वक मोजल्या तरी एक प्रश्न सुटत नाही. उष्ण तारे एकेकट्या ताऱ्याने आवरण गमावल्याने होतात, की जोडताऱ्यातल्या जोडीदाराने ते ओढून घेतल्याने? दोन्ही मॉडेलं आजच्या दीर्घिकेत तेवढीच उसळी देऊ शकतात. भूतकाळाबद्दलचं त्यांचं भाकीत मात्र वेगळं आहे. एकेकट्या ताऱ्यांच्या मॉडेलात घड्याळ मागे नेलं की उसळी झपाट्याने मावळते. जोडताऱ्यांच्या मॉडेलात ती फारशी बदलत नाही. म्हणून दूरच्या दीर्घिका पाहायच्या: ताम्रसृती ०.५५ म्हणजे सुमारे साडेपाच अब्ज वर्षांपूर्वीचा प्रकाश, १ म्हणजे पावणेआठ अब्ज.

इथे निसर्ग थोडी मदत करतो. १५०० अँगस्ट्रॉमवर निघालेला प्रकाश ताम्रसृती ०.५५ वरून येताना २३२५ वर पोचतो, म्हणजे हबलच्या एफ२२५डब्ल्यू गाळणीत. ०.८ वरून आला तर एफ२७५डब्ल्यूत, आणि १.२ च्या आसपासून आला तर एफ३३६डब्ल्यूत. ताम्रसृतीनुसार गाळणी बदला, म्हणजे प्रत्येक काळात मूळची तीच तरंगलांबी मोजली जाते आणि गृहीतकांवर टेकलेली मोठी दुरुस्ती टळते. दृश्य पट्टाही तसाच सरकवा: मूळ व्ही (हिरव्या-पिवळ्या प्रकाशाचा) पट्टा ०.५५ वर सुमारे ८५०० अँगस्ट्रॉमला येतो.

निरीक्षणकाळ मात्र भरपूर लागतो. ०.५५ वरच्या दीर्घिका-समूहातल्या सर्वांत तेजस्वी दीर्घिकेची प्रतही अतिनीलात २५ च्या आसपास भरते. शिवाय गाळणीतून झिरपणारा लाल प्रकाश हा या टप्प्यावरचा मोठा धोका आहे. दीर्घिका लाल पट्ट्यात अडीचशेपट उजळ असते, त्यामुळे गाळणीने हजारात एक भाग लाल प्रकाश आत सोडला तरी तो खऱ्या अतिनील प्रकाशाच्या चौथ्या हिश्श्याइतका होतो. गाळणीचा पूर्ण पारगमन वक्र, लाल टोकासकट, घेऊन उसळी नसलेल्या दीर्घिकेच्या मॉडेलातून किती प्रकाश यायला हवा ते काढा आणि तेवढा वजा करा.

तुलना कुणाची कुणाशी करता हेही तितकंच महत्त्वाचं. आजच्या सगळ्या लंबवर्तुळाकार दीर्घिका आठ अब्ज वर्षांपूर्वी लंबवर्तुळाकार नव्हत्या. दोन काळांतल्या साध्या सरासऱ्या मांडल्या तर उशिरा लंबवर्तुळाकार झालेल्या दीर्घिकाही आजच्या सरासरीत येतात. यावर चांगला उपाय म्हणजे प्रत्येक काळातल्या दाट समूहांमधल्या, तांबड्या अनुक्रमावरच्या (समूहातल्या जुन्या, लाल दीर्घिकांच्या पट्ट्यातल्या) आणि सारख्या वस्तुमानाच्या दीर्घिकाच घेणं.

समूहांच्या अशा निरीक्षणांतून आजवर दिसलेलं चित्र असं आहे: ताम्रसृती ०.५५ पर्यंत उसळी बऱ्यापैकी टिकून असते, ०.७ च्या आसपास ओसरू लागते आणि १ च्या जवळ जवळजवळ दिसेनाशी होते. हे न बदलणाऱ्या उसळीच्या विरोधात जातं. ज्यांतले काही तारे हेलियमने समृद्ध आहेत आणि फार लवकर, विश्वाच्या पहिल्या दीड-दोन अब्ज वर्षांत जन्मले आहेत, अशा मॉडेलांशी ते जुळतं.

मॉडेल बसवताना

शेवटचा टप्पा लवकर उरकतो, निदान संगणकाला तरी. एफएसपीएस सारख्या, दीर्घिकेतल्या ताऱ्यांचं मॉडेल बांधणाऱ्या संगणक-संचात क्षैतिज शाखेवरच्या उष्ण ताऱ्यांचं प्रमाण वेगळ्या मापदंडाने बदलता येतं. ते शून्यावर ठेवू नका. तसं केलं तर कार्यक्रम सगळा अतिनील प्रकाश तरुण ताऱ्यांच्या खात्यावर टाकतो आणि म्हाताऱ्या दीर्घिकेत अस्तित्वात नसलेला ताराजन्म दाखवतो. प्रत्येक दीर्घिका तीनदा बसवा: फक्त तरुण तारे, फक्त उष्ण जुने तारे, आणि दोन्ही मिळून. तिन्ही उत्तरं त्यांच्या अनिश्चिततेसकट एका ओळीत नोंदवा. पहिली दोन सारखीच चांगली बसत असतील, तर ती दीर्घिका "अनिर्णित" या स्तंभात लिहा आणि उत्क्रांतीच्या आलेखावर तिला पोकळ वर्तुळाने दाखवा.